कलपाचे काळे डाग कपाळावरून कसे काढायचे? (शुक्रवारी लग्न आहे!)

सेलूची_सून | मंगळवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी इथं पाककृती वाचून गुपचूप निघून जाणारी मी, आज तातडीनं धागा काढायलेय.

आमच्या आत्याबाईंनी (सासूबाई) काल दुपारी घरीच कलप लावला. पुडीतला, पाण्यात कालवायचा. लावून दिला माझ्या नणंदेनं, आणि तिचा हात म्हणजे सारवणाचा हात. केसांना कमी, कपाळाला जास्त. त्यात मे महिना, लाइट गेलेली, कूलर बंद. घामासोबत कलप भुवयांपर्यंत उतरला. धुतलं तेव्हा नुसतं पिंगट दिसत होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी आरशात बघतात तर कपाळभर काळा पट्टा, दोन्ही कानांच्या कडा काळ्या आणि मानेवर दोन ओघळ.

शुक्रवारी जिंतूरला पुतण्याचं लग्न आहे. आत्याबाई नवरदेवाच्या थोरल्या काकू, म्हणजे प्रत्येक फोटोत.

आतापर्यंत केलेलं: अंगाचा साबण, कपड्याचा साबण (हो, खरंच), लिंबाची फोड. लिंबानं झोंबलं, कपाळ लाल झालं आणि डाग आपला जागेवर. आता शेजारच्या काकू रॉकेल लावा म्हणायल्यात. लावू का? घरात बोअरचं पाणी आहे, साबणाला फेस येत नाही, तेही सांगून ठेवते.

लातुरी_तडका | मंगळवार, सकाळी ९:५२

वहिनी, आधी हे सांगा की रॉकेल मिळालं कुठं? आमच्या गल्लीत विचारणारे लई आहेत.

आणि लावलंच तर वरातीत फटाक्यांपासून लांब उभं करा त्यांना. बाकी उपाय माझ्याकडं नाही, धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

खुर्ची_नंबर_एक | मंगळवार, सकाळी १०:१५

ताई, रॉकेल, थिनर, पेट्रोल, फिनेल यातलं काही म्हणजे काही लावू नका. माझं नांदेडात सलून आहे, रोज कलपात हात असतात म्हणून सांगतो.

तुमच्या हातात अजून तीन दिवस आहेत, भरपूर झाले. लिंबानं कपाळ लाल झालंय ना, मग आज फक्त तेल. खोबरेल, करडईचं, शेंगदाण्याचं, घरात असेल ते. कापसाचा बोळा तेलात भिजवून डागावर नुसता ठेवा, घासू नका. रात्री पुन्हा तेलाचा हात फिरवून झोपू द्या, उशीवर जुनं कापड टाका. उद्या सकाळी बोटांच्या टोकांनी हलक्या हातानं गोल गोल चोळायचं, मग मऊ सुती फडकं कोमट पाण्यात पिळून पुसायचं. फडक्यावर पिंगट रंग उतरला की समजा सुटायला लागलं. फडक्याची बाजू बदलत राहा, नाहीतर निघालेलाच रंग परत पसरतो. दिवसातून दोन-तीनदा. कपाळ चरचरलं की थांबायचं.

कानाच्या कडेला बोट बसत नाही, तिथं इअरबड तेलात बुडवून वापरा. पण कानाच्या आत घालू नका.

करडई_ताई | मंगळवार, सकाळी ११:०५

नांदेडच्या दादांनी तेलाचं सांगितलं ते बरोबर, पण खरा उपाय कलप कालवायच्या आधी असतो. आमच्याकडं औशाला घाण्याचं करडीचं तेल घरात असायचंच, सोयाबीननं सगळं रान खाल्लं त्याच्या आधीची गोष्ट. कलपाच्या आधी केसांच्या कडेनं, कानामागं, मानेवर बोटभर रुंद तेलाचा पट्टा ओढायचा. केसांना लागू द्यायचं नाही, नाहीतर तिथला केस पांढराच राहतो आणि मग सगळ्यांना कळतं.

तेलवाली असले तरी एक कबूल करते, उन्हाळ्यात व्हॅसलीन चांगलं. तेल घामात ओघळतं आणि डोळ्यात जातं. व्हॅसलीन लावलं तिथंच राहतं.

दुसरं, कलपाच्या दिवशी तोंड घासूनपुसून, पीठ-बीठ लावून धुवायचं नाही. कोरड्या, घासलेल्या कातडीला रंग लवकर धरतो. केसही आदल्या दिवशी धुतलेले बरे. आणि लाइट असताना बसायचं गं बाई, पंख्याखाली. किंवा सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

रसायनवाली | मंगळवार, दुपारी १२:३०

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सेलूच्या ताईंनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे, सगळी मेख तिथंच आहे: धुताना पिंगट होतं, संध्याकाळी काळं झालं.

कायमच्या कलपात काळा रंग तयार नसतो. तो तुमच्या डोक्यावर तयार होतो. त्यात पॅरा-फिनिलिनडायअमाईन, म्हणजे पाकिटावर पीपीडी लिहिलेलं असतं ते द्रव्य असतं. त्याचे रेणू लहान आणि जवळजवळ बिनरंगी. लहान असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. क्रीमसोबतच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, पुडीच्या कलपात ऑक्सिजन देणारं द्रव्य पावडरीतच मिसळलेलं असतं आणि पाणी लागलं की कामाला लागतं. ऑक्सिडीकरण झालं की हे लहान रेणू एकमेकांशी आणि रेसॉर्सिनॉलसारख्या जोडीदारांशी जुळून मोठे, रंगीत होतात. मोठे झाले की बाहेर निघायची वाट बंद. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे, आणि आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थरही केराटिननंच भरलेला. कपाळाला वेगळा न्याय का मिळावा?

म्हणून कलप लागल्या लागल्या, रंग चढायच्या आधी, ओल्या फडक्यानं पुसलं तर डाग पडतच नाही. एकदा काळा झाला की साबणानं धुऊन जाणारी गोष्ट ती राहिलेली नसते. हा वरचा थर मेलेल्या पेशींचा, साधारण १५ ते २० पदरांचा असतो आणि दोनेक आठवड्यांत पूर्ण बदलतो. डाग त्यातल्या वरच्या पदरांत बसलेला असतो. तेलानं हे पदर मऊ होतात, सुटायला आलेल्या पेशी हलक्या चोळण्यानं निघतात आणि रंग त्यांच्यासोबत जातो. कपाळ तेलकट, रोज धुतलं जाणारं, म्हणून तिथला डाग बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत बराच उतरतो आणि आठवड्यात जातो.

आता बोअरचं पाणी. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरट चिकट साका होतो. तो काही स्वच्छ करत नाही, उलट कातडीवर बसतो, आणि फेस येईना म्हणून माणूस आणखी जोर लावतो. कपाळासाठी तेवढं जारचं पाणी वापरा, एक तांब्या पुरतं. साबणाऐवजी शाम्पूचा एक थेंब किंवा फेसवॉश घ्या, त्यांचा फेस जड पाण्यातही येतो.

लिंबू मात्र पुन्हा नको. तयार झालेल्या काळ्या रंगाला लिंबाचं आम्ल काही करत नाही. वर लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागं तपकिरी डाग राहतो. तो महिनोन्‌महिने जात नाही. आपल्याकडचं मेचं ऊन, त्यात हे कुणी सांगितलं देव जाणे.

लातुरी_तडका | मंगळवार, दुपारी १२:४८

मॅडम, तुम्ही बारावीला मला शिकवायला असता तर माझे मार्क वेगळे असते.

व्हिडिओत तं सगळे टूथपेस्ट सांगायलेत. त्यात खाण्याचा सोडा घालून. खरं का?

पुण्याहून_परत | मंगळवार, दुपारी १:२०

टूथपेस्ट नका लावू ना यार. मेकअप काढायचं मायसेलर वॉटर मिळतं, आता परभणीतही मिळतं. कापसावर घेऊन अर्धा मिनिट डागावर दाबून ठेवायचं, मग पुसायचं. आधी तेल, मग हे, असं केलं तर तेलही निघून जातं.

मी हॉस्टेलला असताना केस जांभळे केले होते (आईला अजून माहीत नाही, आई इथं येत नाही). त्या फॅशन रंगांचं वेगळं असतं. त्यांत रंग तयारच असतो, पेरॉक्साइड नसतं, त्यामुळे डाग मॅडमनी सांगितला तसा घट्ट बसत नाही. तेल आणि मायसेलरनं बराच उतरतो. टॉवेल मात्र गेला तो गेलाच.

त्वचा_ओपीडी | मंगळवार, दुपारी ३:१०

मी त्वचारोगतज्ज्ञ, संभाजीनगरला असतो. तेलाचं बरोबर सांगितलं आहे, त्यात भर घालण्यासारखं फार नाही. जे करू नये तेवढंच लिहितो, कारण ओपीडीत डागासाठी कुणी येत नाही, डाग काढताना केलेल्या जखमेसाठी येतात.

टूथपेस्टमधले खरखरीत कण दातांसाठी असतात. कपाळावर ती डाग थोडा खरवडते, पण चांगली कातडीही खरवडते, आणि मेंथॉलमुळे थंड वाटतं म्हणून जळजळ उशिरा कळते. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आहे. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) साधारण साडेचार ते साडेपाच, म्हणजे किंचित आम्लाकडचा. सोडा चोळून तो बिघडवायचं कारण नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन डोळ्यांच्या इतक्या जवळ नको. सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर हाताच्या तळव्याला, बोटांना चालेल, पण गॅसपासून लांब. लाल झालेल्या कपाळाला अजिबात नाही. ब्लीच क्रीमही नको. कलप नुकताच लागलेला असताना त्याच जागी आणखी पेरॉक्साइड कशाला?

आता जास्त महत्त्वाचं. डाग खाजत नाही आणि सुजत नाही. सेलूच्या ताई, आत्याबाईंना आज-उद्या केसांच्या कडेनं, कानामागं किंवा मानेवर खाज सुटली, बारीक पुरळ किंवा पाणी धरलेले फोड आले, पापण्या जड वाटल्या, तर तो डागाचा विषय नाही. पीपीडीची ॲलर्जी बहुधा लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसते. म्हणून 'काल काही झालं नाही' यावर जाऊ नका. तसं वाटलं तर डोकं भरपूर पाण्यानं आणि सौम्य शाम्पूनं पुन्हा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून स्वतःहून ट्यूब आणून लावू नका. तोंड, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना.

नुसतं लाल आहे आणि चरचरतंय, तर ते लिंबाचं असावं. दोन दिवसांत बसेल.

सेलूची_सून | मंगळवार, दुपारी ३:३५

डॉक्टर साहेब, खूप आभार. खाज नाही, पापण्याही ठीक. विचारलं तर म्हणाल्या, 'खाज नाही, लाज वाटायली.'

शेजारच्या काकूंना रॉकेलाला नाही म्हणून सांगितलं. त्या रुसल्या. ते मी बघते.

मिशीवाला_बीडकर | मंगळवार, रात्री ८:५०

बायांचं कपाळ झालं, आता मव्हं ऐका. मव्हं दुखणं मिशीचं. मिशीला कलप लावला की वरच्या ओठावर काळी रेघ बसती. चार दिस लोक म्हणत्यात, पाटील चहा पिऊन तोंड पुसत जा. तेल लावलं तं कलपच बसंना मिशीला. कामून असं व्हतंय?

खुर्ची_नंबर_एक | मंगळवार, रात्री ९:३०

पाटील, तेल केसांना लागलं म्हणून. मिशीला बोटानं व्हॅसलीन लावूच नका. इअरबडवर हरभऱ्याएवढं घ्या आणि ओठाच्या वर, मिशीच्या खालच्या कडेनं एकच रेघ ओढा. नाकाखालच्या खळीतही. कलप ब्रशनं नाही, जुन्या मऊ टूथब्रशनं लावा. ब्रश पाकिटाच्या कडेला निपटून, जवळजवळ कोरडा करून केसांच्या टोकाकडं ओढायचा, मुळाशी दाबायचा नाही. मिशीचे केस मुळाशी कातडीला टेकलेले असतात, दाबलं की रंग खाली बसणारच.

आणि वेळ संपेपर्यंत मोबाइल बघत बसू नका. दर दोन मिनिटांनी ओल्या कापसानं कडा पुसत राहा. डोक्याला आमच्या सलूनमध्येही तसंच करतो. क्रीमचा कलप असेल तर धुवायच्या आधी थोडं पाणी घेऊन कडेचा कलपच बोटानं फेसासारखा चोळतो, ओला कलप कातडीवरचा कलप सोडवतो. पण हे वाळायच्या आत. वाळल्यावर चोळलं तर उलटं होतं.

तुरटी लावणार असाल तर आधीच सांगतो, तिनं डाग जात नाही. दाढी करताना कापलं तर लावा.

त्वचा_ओपीडी | मंगळवार, रात्री १०:०५

मिशी ठीक, पण त्याच ब्रशनं भुवया रंगवू नका. कलपाच्या पाकिटावर भुवया आणि पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकतं असा इशारा आपल्याकडं कायद्यानं छापावा लागतो. अक्षरं बारीक असतात आणि पाकीट फाडताना नेमकी तीच बाजू फाटते.

सेलूची_सून | बुधवार, सकाळी १०:२०

रात्रभर तेल, सकाळी जारच्या पाण्यानं फडकं. फडकं चहाच्या गाळणीच्या रंगाचं निघालं. कपाळावरचा पट्टा आता राखाडी आहे, लालीही उतरली. कानाची कडा मात्र हट्टी आहे.

नणंदबाई म्हणायल्यात, पुढच्या वेळी काळी मेंदी लावू, ती नैसर्गिक असते, डाग पडला तरी घाबरायचं नाही. हे कसं?

रसायनवाली | बुधवार, सकाळी ११:१५

नणंदबाईंना म्हणावं पाकिटाची मागची बाजू वाचा. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य लॉसोन. ते केराटिनला नारिंगी-तांबडं रंगवतं, काळं नाही. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत काळेपणा येतो तो पीपीडीमुळंच, पान असलंच तर नावाला. नुसत्या मेंदीवर नीळीच्या पानांची पूड लावून खरोखर काळसर रंग आणता येतो, पण ते दोन टप्प्यांचं, तासन्‌तासांचं काम आहे. त्यामुळे दहा मिनिटांत काळं होणारं काहीही 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकत असतील तर मी घेणार नाही.

आणि खऱ्या मेंदीचाही डाग पडतोच की. हातावर तो पडावा म्हणून तर आपण रात्रभर बसतो. कपाळावर पडला तर तेलानं तो कलपापेक्षाही कमी उतरतो, वाटच बघावी लागते.

त्वचा_ओपीडी | बुधवार, दुपारी २:४०

मॅडमशी सहमत. एक जोडतो: उरुसात, जत्रेत हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून देतात. तीत पीपीडीचं प्रमाण केसांच्या कलपापेक्षा बरंच जास्त असू शकतं. युरोपात केसांना लावायच्या मिश्रणात २ टक्क्यांची मर्यादा आहे, जत्रेतल्या कोनाला कसली मर्यादा? लहानपणी त्या नक्षीनं ज्यांचा हात फोडांनी भरला, त्यांनी मोठेपणी कलप लावूच नये. एकदा बसलेली ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते.

चाचणी कशी करायची तेही लिहून ठेवतो, सगळे वगळतात म्हणून. कालवलेला कलप ज्वारीच्या दाण्याएवढा कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागं लावायचा, पाकिटावर लिहिलं असेल त्याप्रमाणे, आणि ४८ तास वाट बघायची. तिथं काळा ठिपका पडेल, तो डाग. खाज किंवा फोड आला तर ती ॲलर्जी. नेहमीचाच कलप असला तरी नवं पाकीट आणलं की करावी.

आणि मूळ विषय नसला तरी सांगतो. उरलेला कलप वाटीत, बाटलीत तसाच ठेवू नका. पोटात गेला तर गळा सुजून श्वास बंद पडतो, नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. लेकरानं किंवा कुणीही रागाच्या भरात प्यायला, तर उलटी करवण्यात वेळ न घालवता थेट मोठा सरकारी दवाखाना. आमच्याकडं घाटी, अंबाजोगाईला स्वाराती, नांदेडला विष्णुपुरी. गावातला घरगुती इलाज अजिबात नको.

करडई_ताई | बुधवार, दुपारी ४:००

देवा. डॉक्टर, हे बरं लिहिलंत. आमच्या गावात असं झालेलं आहे, त्यावर इथं लिहीत नाही.

सेलूच्या लेकी, शुक्रवारपर्यंत कानाची कडा नाही गेली तर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि कानाजवळ दोन पिना मारायच्या. थोरल्या काकूला शोभतंही. कपाळावर फिकं काही उरलं तर मोठं कुंकू लावायचं.

पुण्याहून_परत | बुधवार, दुपारी ४:२५

किंवा कन्सीलर. राखाडी डागावर आधी नारिंगी झाक असलेला घ्या, त्यावर त्यांच्या रंगाचा. नुसतं फाउंडेशन थापलं तर करडं दिसतं. लाली पूर्ण गेली असेल तरच हं.

मिशीवाला_बीडकर | बुधवार, रात्री ९:१०

इअरबडचा उपाय जमला. रेघ न्हाई. पण बोटांची नखं काळी झाली, तेलानं हालंनात. आणि बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर सडा पडलाय, मालकीणबाई बोलंनात. आधी कोणतं सांगू?

त्वचा_ओपीडी | बुधवार, रात्री ९:४५

नखाचं मी सांगतो, फरशीचं मॅडमना विचारा. नख कातडीसारखं पदर टाकत नाही, ते नुसतं पुढं सरकतं, महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. त्यामुळे मुळाशी लागलेला रंग कापून जायला काही महिने लागतात. वरवरचा असेल तर नखांपुरतं, बोटांच्या टोकाशी, नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन फिरवा, मग लगेच हात धुऊन तेल. पत्तीनं खरवडू नका, नख पातळ होतं. पाकिटासोबत प्लास्टिकचे हातमोजे देतात ना, ते फेकायचे नसतात.

रसायनवाली | बुधवार, रात्री १०:३०

फरशी चकचकीत सिरॅमिकची असेल तर चमचाभर ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून डागावर दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका, बहुतेक जातो. सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटात मुरलेला दोनदा करावा लागेल. खिडकी उघडी ठेवा. आणि ते पाणी फरशीवर असताना संडासचं ॲसिड त्यात अजिबात ओतू नका, क्लोरीन सुटतो आणि छातीत भरतो. संगमरवर किंवा शहाबादी असेल तर आधी सांगा, तिथं वेगळं करावं लागेल.

मिशीवाला_बीडकर | गुरुवार, सकाळी ७:०५

शहाबादी न्हाई, सिरॅमिकच हाय. ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीकडून आणतो, टाकीत टाकायला आणलेली पडून असंल.